लातूरकडची अकरावीतली मुलगी: एमआयटी, प्रिन्स्टन, आयआयटी मुंबई यांत खरी संधी किती?

प्रश्न: गणितमास्तर_अहमदपूर

नमस्कार. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या एका विद्यार्थिनीसाठी विचारतोय. अकरावी विज्ञान, राज्य मंडळ, जूनमध्ये बारावीत जाईल. तिची ओळख पटेल असं काही देत नाही, पण अंदाज बांधायला लागेल तेवढी माहिती पुढे आहे.

दहावीला ९८.४० टक्के, सेमी इंग्रजी. गणित ऑलिम्पियाडची पहिली फेरी आयओक्यूएम पार करून पुढच्या आरएमओला बसली, त्यापुढच्या आयएनएमओसाठी निवड झाली नाही. जेईई मेनच्या सराव चाचण्यांत ३०० पैकी १९० ते २१५. अॅडव्हान्स्डचा पूर्ण पेपर अजून सोडवलेला नाही. अमेरिकी विद्यापीठांच्या प्रवेशाची सॅट परीक्षा दिलेली नाही. इंग्रजी वाचते भरपूर, बोलताना अडखळते.

अभ्यासाबाहेर एक काम मनापासून करते. गावातल्या १४ विहिरींची पाणीपातळी दर रविवारी दोरीने मोजून वहीत लिहिते. दोन पावसाळे झाले. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचे आकडेही शेजारी लिहून ठेवते. शिवाय उन्हाळ्याच्या सुट्टीत दहावीच्या मुलींना गणित शिकवते.

घरी साडेचार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. आई अंगणवाडी सेविका. उत्पन्नाचा दाखला अडीच लाखांच्या आसपासचा. खुला प्रवर्ग.

तिला भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्र करायचंय. अमेरिकेतली एमआयटी आणि प्रिन्स्टन, इंग्लंडमधलं केंब्रिज ही नावं तिने स्वतः शोधून आणलीत. किती टक्के संधी धरायची? जेईई आणि हे अर्ज एकाच वर्षात झेपतील का? आणि पैशांचं काय? लेकरू फार कष्टाळू आहे, तिला खोटी आशाही द्यायची नाही आणि उगाच अडवायचंही नाही.

---

मांजराकाठ

सर, टक्क्यांचा एक आकडा कुणीच प्रामाणिकपणे देऊ शकणार नाही. अंदाज मात्र बांधता येतो, आणि तो दोन वेगळ्या पद्धतींनी बांधावा लागतो. आयआयटीला रँक लागते. तिथे सरावातल्या कामगिरीवरून बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. अमेरिकेत चार-पाच जण बसून तुमची अख्खी फाइल वाचतात. तिथे फक्त फाइल कोणत्या गटात बसते एवढंच सांगता येतं. मी फाइलबद्दल लिहितो, जेईईबद्दल जाणकार लिहितीलच.

आधी दहावीचे गुण. २०२५ च्या दहावीत राज्यात २११ जणांना शंभर टक्के मिळाले, त्यातले ११३ एकट्या लातूर विभागातले. त्यात कला-क्रीडेचे वाढीव गुण आणि सर्वोत्तम पाच विषयांचा हिशेब असतो. म्हणजे ९८.४० वर ती आपल्याच विभागात मोठ्या घोळक्यात आहे. बाहेरच्या वाचकाला हे गुण इतकंच सांगतात की अभ्यास हिला झेपेल. हे दार ओलांडलं की गुणांचं काम संपतं. ९८.४० चे ९९.६० झाले असते तरी फाइल तिथेच राहिली असती.

आता स्पर्धा. एमआयटीला २०२४ च्या फेरीत सुमारे २८ हजार अर्ज आले आणि साधारण १,३०० जण निवडले गेले, म्हणजे साडेचार टक्के. त्यात परदेशी अर्जदारांचं प्रमाण वेगळं काढलं तर ते २ टक्क्यांच्या आसपास येतं. तिला लागू होतो तो हा दुसरा आकडा. हार्वर्ड, प्रिन्स्टन यांचे एकूण आकडेही चार-पाच टक्क्यांतच फिरतात.

इथे पालक एक चुकीचा हिशेब मांडतात. तीन टक्के संधी, दहा ठिकाणी अर्ज, म्हणजे तीस टक्के. दहा निकाल एकमेकांशी संबंध नसलेले असते तर आकडा २६ च्या आसपास आला असता. पण ते तसे नसतात. तीच फाइल दहा ठिकाणी जाते. तिच्यात जी उणीव आहे ती दहाही वाचकांना दिसते. अर्जांची संख्या वाढवून फायदा थोडा होतो, फाइल सुधारून जास्त होतो.

तिची फाइल मी ‘शक्य, पण संभव कमी’ या गटात ठेवीन. आरएमओपर्यंत पोहोचणं चांगलं आहे, पण भारतातून एमआयटीला गणित-भौतिकशास्त्र घेऊन जाणाऱ्यांच्या फाइलींत बहुतेकदा आयएनएमओ किंवा भौतिकशास्त्र ऑलिम्पियाडच्या शिबिरापर्यंतची मजल असते, नाहीतर तितक्याच तोडीचं दुसरं काही. तिच्याकडे ते दुसरं काही होऊ शकतं. ते म्हणजे विहिरी.

या कामाची किंमत ती स्वतः आणि तुम्हीही कमी धरताय असं वाटतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक चार वेळा मोजते. हिच्याकडे एका गावाच्या १४ विहिरींच्या साप्ताहिक नोंदी आहेत. आपल्याकडे खाली काळा पाषाण, पाणी धरतो तो वरचा मुरूम आणि खडकातल्या भेगा. त्यामुळे शेजारच्या दोन विहिरीसुद्धा एकाच पावसाला वेगळा प्रतिसाद देतात. पाऊस पडल्यापासून पाणी चढायला कोणत्या विहिरीत किती दिवस लागतात, हा खरा भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे आणि उत्तराला लागणारी नोंदवही तिच्या हातात आहे.

पण आज आहे त्या स्थितीत तो डेटा कुणी जाणकाराने पाहिला तर चार ठिकाणी बोट ठेवेल:

दोरी ओली झाली की ताणते. शक्य तितक्या लवकर स्टीलच्या टेपवर जा. आधीच्या नोंदींसाठी तीच दोरी आणि टेप एकाच वेळी सोडून फरक मोजा, आणि तो फरक वहीत स्वतंत्र लिहा. जुने आकडे खोडून बदलू नका.

प्रत्येक विहिरीच्या काठावर रंगाने एक खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा. काठ उंचसखल असतो, अर्ध्या फुटाचा घोळ सहज होतो.

मोटर चालू असताना किंवा नुकती बंद झाल्यावर मोजलेली पातळी विहिरीची नसते, उपशाची असते. थ्री फेज लाइट कधी असते त्यावर उपसा ठरतो, म्हणून त्या आठवड्याचं वेळापत्रक बघून मोटर लागण्याआधीची वेळ ठरवा. आधीच्या नोंदींत वेळ लिहिली नसेल तर तसं स्पष्ट लिहा.

परीक्षेमुळे सुटलेले रविवार रिकामेच ठेवा. अंदाजाने भरलेला एक आकडा सापडला तर सगळ्या वहीवरचा विश्वास जातो.

यावर सात-आठ पानांचं टिपण आणि आलेख तिने स्वतः करावेत. विहिरीचा व्यास, खोली, कोणतं पीक भिजतं, किती मोटरी, हे एका तक्त्यात. आपल्या भागातल्या एखाद्या महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांनी वाचून शेरे मारले तर उत्तम. पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नका, वाचणाऱ्यांना ती ओळखू येतात.

---

गोदाकाठ_नांदेड

जेईईच्या बाजूने लिहितो.

मेनमधले १९० ते २१५ हे गुण एकटे काहीच सांगत नाहीत. परीक्षा घेणारी एनटीए प्रत्येक शिफ्टचं स्वतंत्र पर्सेंटाइल काढते, त्यामुळे तेच गुण सोप्या शिफ्टमध्ये खाली आणि अवघड शिफ्टमध्ये वर जातात. रँकचा अंदाज असा काढा: १०० मधून पर्सेंटाइल वजा करा, १०० ने भागा, एकूण परीक्षार्थींनी गुणा. २०२५ ला सुमारे १४.७५ लाख जण बसले. ९९.५ पर्सेंटाइल म्हणजे सात हजार तीनशेच्या आसपासची रँक. ९९.९ म्हणजे साधारण १,४७५. अर्ध्या टक्क्याच्या आत हा एवढा पसारा आहे, म्हणून ‘९९ च्या वर आहे’ या वाक्यावर समाधान मानू नका.

मेनची रँक एनआयटी, ट्रिपल आयटीसाठी. आयआयटीसाठी मेनमधून पहिले अडीच लाख अॅडव्हान्स्डला बसतात आणि तिथे नवा डाव सुरू होतो. २०२५ ला दोन्ही पेपर दिलेले सुमारे १ लाख ८० हजार, पात्र ५४ हजारांवर, आणि २३ आयआयटींत मिळून जागा १८ हजारांच्या थोड्या वर. पात्र झालेल्या तिघांतल्या एकालाच जागा, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

तिचा अंदाज आज बांधता येणार नाही कारण अॅडव्हान्स्डचा पेपरच झालेला नाही. बारावीच्या दिवाळीपर्यंत अभ्यासक्रम संपेल असं धरून पुढचं करा. मागच्या पाच वर्षांचे पेपर घ्या, दोन्ही पेपर एकाच दिवशी, तीन-तीन तासांचे, मध्ये दोन-अडीच तासांची सुट्टी, संगणकावर. गुण नव्हे, त्या वर्षीच्या कटऑफशी आणि अव्वल गुणांशी तुलना करा. २०२४ ला ३६० पैकी अव्वल गुण ३५५ आणि खुल्या यादीचा कटऑफ १०९ होता. २०२५ ला तेच ३३२ आणि ७४. एका वर्षी १५० गुण म्हणजे जागा मिळण्याच्या काठावर, दुसऱ्या वर्षी आरामात आत. पाच पेपरांतला मधला निकाल धरा, सगळ्यात चांगला नको. आणि क्लासमधल्या टेस्टची रँक बाजूला ठेवा. लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये बहुतांश मुलं नीटची असतात, शेदोनशे जेईईवाल्यांमधला पहिला नंबर देशपातळीवर कुठेही असू शकतो.

आयआयटी मुंबईचं संगणकशास्त्र खुल्या यादीत ६५-७० रँकला बंद होतं. मुलींच्या वाढीव जागांमुळे तीच शाखा मुलींसाठी काही शेकड्यांपर्यंत जाते. बाकी सगळ्या संस्था-शाखांचे आकडे जागावाटप करणाऱ्या जोसाच्या संकेतस्थळावर वर्षवार आहेत. शेवटच्या फेरीचा आकडा बघा, पहिल्या फेरीचा नको, आणि ‘फीमेल ओन्ली’ ही रांग वेगळी वाचा.

आता तुम्ही लिहिलेली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे: साडेचार एकर. केंद्राच्या ईडब्ल्यूएसमध्ये, म्हणजे खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बलांच्या आरक्षणात, उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि कुटुंबाची शेतजमीन ५ एकरांपेक्षा कमी. पाच एकर किंवा जास्त असली की उत्पन्न कितीही कमी असो, दाखला मिळत नाही. आईच्या नावावर माहेरची एखादी पट्टी असेल तर तीही धरली जाते. सातबारा आणि आठ-अ आजच काढून बेरीज करा. बसत असेल तर दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा आणि प्रवेशाच्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा हवा. राज्याचा मराठा आरक्षणाचा एसईबीसी दाखला आयआयटीत चालत नाही. कुणबी नोंद सापडून प्रमाणपत्र झालं असेल तर केंद्राच्या यादीतलं ओबीसी-एनसीएल (नॉन क्रीमी लेयर) लागू होतं, त्याचाही नमुना वेगळा आणि तारखेची अट तीच. एप्रिल-मेमध्ये तहसीलला गर्दी असते, तेव्हा पळापळ करण्यापेक्षा जुळवाजुळव आधी करून ठेवा.

फीचं म्हणाल तर आयआयटीत कुटुंबाचं उत्पन्न १ ते ५ लाखांत असेल तर शिकवणी शुल्काचे दोन तृतीयांश माफ होतात, १ लाखाच्या आत पूर्ण. प्रवेशासाठी बारावीला ७५ टक्क्यांची अट आहे, तिला अडचण नाही.

---

बालाघाट

पैशांबद्दल लिहितो, कारण आपल्याकडची हुशार लेकरं इथे माहितीअभावी मागे राहतात. एमआयटी, प्रिन्स्टनसारख्या ठिकाणी वर्षाचा एकूण खर्च ८५ ते ९० हजार डॉलरच्या घरात आहे. रुपयांत सत्तर लाखांच्या वर. हा आकडा ऐकून बरेच पालक तिथेच थांबतात. पण अडीच लाख उत्पन्नाच्या घराला तो भरायचाच नसतो.

विद्यापीठांचे तीन प्रकार आहेत. पहिला: परदेशी विद्यार्थ्याची गरज न बघता निवड करतात आणि निवड झाली की गरजेइतकी पूर्ण मदत देतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ब्राउन, ॲमहर्स्ट, बोडन ही त्यातली. दुसरा: निवडलेल्याला पूर्ण मदत देतात, पण निवडतानाच मदतीची मागणी मोजतात. स्टॅनफर्ड, कॅलटेक, कॉर्नेल इत्यादी. कॉर्नेलमध्ये भारतीय विद्यार्थ्यांसाठी टाटा शिष्यवृत्ती आहे. तिसरा: परदेशी विद्यार्थ्याला मदत नाही किंवा नाममात्र. बहुतेक सरकारी विद्यापीठं यात येतात, बर्कलेसुद्धा. तिच्यासाठी तिसरा प्रकार पूर्ण सोडा, निवड झाली तरी जाता येणार नाही.

‘आधी मदत नको म्हणू, आत गेल्यावर मागू’ असा सल्ला कुणी देईल. तो धोकादायक आहे. स्टॅनफर्डमध्ये अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही तर परदेशी विद्यार्थ्याला चारही वर्षं मिळत नाही.

केंब्रिज-ऑक्सफर्डमध्ये पदवीच्या भारतीय विद्यार्थ्याला गरजेइतक्या मदतीची अशी हमी नाही. दोन्हींपैकी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो आणि मुदत १५ ऑक्टोबर, म्हणजे प्रवेश परीक्षेची तयारी ऐन सहामाहीत. मी ते नाव यादीतून काढायला सांगेन. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, आणि तीही अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी. तिच्यावर पदवीचा हिशेब उभा करू नका.

मदतीचा अर्ज सीएसएस प्रोफाइल या ऑनलाइन फॉर्मवर होतो. नोकरदाराला फॉर्म सोळा जोडला की झालं. शेतकऱ्याच्या घरी अडचण येते ती अशी: शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे विवरणपत्र भरलेलं नसतं. मग पुरावा हाताने उभा करावा लागतो. तहसीलचा दाखला, सातबारा, आठ-अ, आडत्याच्या हिशेबपट्ट्या, वर्षभराचं बँकेचं उताऱ्यासह पासबुक, पीककर्जाचं खातं, आईच्या मानधनाची नोंद. पीएम किसान आणि नमो शेतकरी यांचे मिळून वर्षाला १२ हजार आणि पीकविम्याची रक्कम आली असेल तर तीही दाखवा. या सगळ्यांचं इंग्रजी भाषांतर सोबत.

सगळ्यात जास्त गोंधळ दाखला आणि पासबुक जुळत नाहीत तिथे होतो. सोयाबीन विकल्यावर खात्यात एकदम दीड-दोन लाख दिसतात आणि दाखल्यावर पूर्ण वर्षाचे अडीच लाख. वाचणाऱ्याला बियाणं, खत, फवारणी, काढणी-मळणीचा खर्च ठाऊक नसतो. एका पानाचं पत्र लिहा: एकरी किती क्विंटल, काय भावाने, एकूण किती, खर्च किती, हातात किती. गेल्या दोन हंगामांचे आकडे द्या, एका वर्षी पावसाने दगा दिला असेल तर फरक आपोआप दिसेल. जमिनीची किंमत विचारतात तेव्हा रेडी रेकनरचा कोरडवाहू दर धरा. रस्त्यालगतच्या प्लॉटचा भाव ऐकून कुणी एकरी मोठा आकडा लिहून बसतं आणि कागदावर घर श्रीमंत होतं.

अर्जाची फी माफ करून मिळते, प्राचार्यांनी तशी पुष्टी द्यावी लागते. सॅटची फी मात्र भरावीच लागेल असं धरून शंभर डॉलरच्या थोडी वर रक्कम बाजूला ठेवा. पासपोर्टचा अर्ज आताच टाका. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर जसं येईल तसंच सॅट, कॉमन ॲप (अनेक विद्यापीठांचा एकत्र अर्ज), सीएसएस सगळीकडे लिहा, एक अक्षरही इकडेतिकडे नको.

---

गणितमास्तर_अहमदपूर

मनापासून आभार. जमिनीची बेरीज उद्याच करायला सांगतो. काही शंका आहेत. आमच्याकडे समुपदेशक नाही, शिफारसपत्रं कुणी आणि कशी लिहायची? पुण्यातले काही सल्लागार निबंधासकट सगळं करून देतो म्हणतात, फी लाखांत. आणि अर्ज भरता भरता जेईई हातची गेली तर?

---

मांजराकाठ

सल्लागार नको सर. निबंध दुसऱ्याने लिहिलेला असेल तर तो तिच्या बाकीच्या फाइलशी जुळत नाही, आणि फसवणूक उघडकीला आली तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो. अडखळत बोलणाऱ्या, मराठी-सेमीतून आलेल्या मुलीचं सरळ, छोट्या वाक्यांचं इंग्रजी कुणाला खटकत नाही. इंग्रजीच्या सरांनी व्याकरण बघावं, एवढं पुरे.

समुपदेशकाचा भाग प्राचार्य किंवा उपप्राचार्य भरू शकतात. ईमेल महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर असलेलाच द्या, खासगी पत्ता दिसला की पडताळणी अडू शकते. सोबत ‘स्कूल प्रोफाइल’ म्हणून एक पान जोडा. आपल्याकडून ते जवळजवळ कधीच जात नाही आणि नुकसान होतं. त्यात लिहा: विज्ञान शाखेत विद्यार्थी किती, बारावीला ९० टक्क्यांच्या वर किती जातात, किती जण शेतकरी कुटुंबांतले, कोणते विषय उपलब्ध आहेत, प्रयोगशाळेत काय आहे, परदेशी पदवीसाठी आजवर कुणी गेलंय का. अकरावीची परीक्षा मंडळाची नसून महाविद्यालयाची असते, हेही एका ओळीत सांगा, नाहीतर अकरावीचे ८५ आणि दहावीचे ९८ बघून घसरण झाली असं वाटेल.

शिक्षकांची दोन पत्रं. एमआयटीला एक गणित किंवा विज्ञानाचं, एक भाषा किंवा सामाजिक शास्त्राचं हवं असतं. ‘अत्यंत हुशार, आज्ञाधारक, नम्र’ अशी चारित्र्याच्या दाखल्याची भाषा टाळा. त्याऐवजी एक प्रसंग लिहा: कोणतं गणित तिने पुस्तकापेक्षा वेगळ्या वाटेने सोडवलं, कुठे अडली, अडल्यावर काय केलं, तुम्हाला कोणता प्रश्न विचारला ज्याचं उत्तर शोधायला तुम्हालाही वेळ लागला. वर्गात तिचा क्रमांक कितीपैकी कितवा, हे आकड्यात. असं दीड पान दहा विशेषणांपेक्षा कामाचं.

एमआयटीचा अर्ज स्वतंत्र असतो, कॉमन ॲपवर नाही. तिथे उपक्रम फक्त चार आणि छोटी उत्तरं. कॉमन ॲपवर उपक्रम दहापर्यंत, प्रत्येकाचं वर्णन १५० अक्षरांत, मुख्य निबंध ६५० शब्दांचा. दहाच्या दहा रकाने भरायचा मोह टाळा. विहिरी, ऑलिम्पियाड, शिकवणं, आणि घरी सोयाबीन काढणीच्या दिवसांत जे काम करते ते. शेतातलं, घरातलं कामही उपक्रमच आहे, आठवड्याचे तास लिहा.

सॅट: दोन तास १४ मिनिटं, वाचन-लेखनाचे ५४ प्रश्न, गणिताचे ४४, सगळं संगणकावर. पहिल्या भागातल्या कामगिरीवर दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते, म्हणून सुरुवातीच्या सोप्या प्रश्नांत घाईने चुकणं महागात पडतं. एमआयटीत निवडलेल्यांपैकी मधल्या निम्म्यांचं गणित ७८० ते ८०० मध्ये असतं. गणित तिला महिनाभरात जमेल, वेळ वाचनाला द्या. ऑगस्टची तारीख धरा, कमी पडलं तर ऑक्टोबर. सॅटच्याच ब्लूबुक ॲपवर पूर्ण सराव चाचण्या मोफत आहेत. केंद्र पुणे किंवा हैदराबाद धरा, जागा लवकर भरतात. माझा निकष असा: दोन प्रयत्नांनंतर १,६०० पैकी १,५०० च्या खाली असेल तर या यादीवर वेळ घालवू नका. १,५३० च्या पुढे गेलं की सॅटचा विषय बंद, तिसऱ्यांदा देऊन फाइल सुधारत नाही.

अर्जाची १ नोव्हेंबरची लवकरची मुदत तिच्यासाठी नको. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आयओक्यूएम, नोव्हेंबरमध्ये आरएमओ आणि भौतिकशास्त्र ऑलिम्पियाडची पहिली फेरी एनएसईपी असतात. हे सगळं होऊन जानेवारीच्या सुरुवातीची नेहमीची मुदत धरली तर फाइल भरलेली दिसेल. आयएनएमओ जानेवारीत होते, निवड झाली तर एमआयटीच्या फेब्रुवारीतल्या अद्ययावत माहितीच्या फॉर्ममध्ये कळवता येतं. बारावीत ऑलिम्पियाडला बसताना त्या वर्षीच्या माहितीपत्रकातली जन्मतारखेची अट आधी वाचा.

---

वेरूळ_विज्ञान

वरच्या सगळ्यांशी सहमत, पण ‘दोन्ही झेपेल का’ याचं उत्तर थोडं कडक देतो. सहा-सात अमेरिकी अर्ज म्हणजे निबंधांचं काम सहा-सात आठवडे. ते जुलै ते ऑगस्टमध्ये संपत नसेल तर डिसेंबरात येतं, आणि मेनचं पहिलं सत्र जानेवारीत असतं. तिथे दोन्हींची माती होते. म्हणून अर्ज पाचच करा, सगळे पहिल्या प्रकारातले: एमआयटी, प्रिन्स्टन, हार्वर्ड, येल आणि एखादं छोटं कॉलेज, ॲमहर्स्टसारखं. मुख्य निबंध उन्हाळ्याच्या सुट्टीत लिहून काढा, दिवाळीच्या सुट्टीत शेवटचा हात. १५ डिसेंबरनंतर त्या फाइलीला हात लावायचा नाही असं आजच ठरवा. निकाल मार्चच्या मध्यापासून अखेरपर्यंत येतात, अॅडव्हान्स्ड मेमध्ये. नकार आले तर ते बारावीच्या लेखी परीक्षेच्या आगेमागे येतील, हे तिला आधी सांगून ठेवा.

दुसरं, तिला भौतिकशास्त्र आवडत असेल तर आयआयटी आणि अमेरिका याच दोन टोकांमध्ये का अडकायचं? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेची (आयआयएससी) चार वर्षांची संशोधन पदवी आहे. पुण्याची आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, तिची प्रवेश परीक्षा आयएटी ६० प्रश्नांची, चारही विषय प्रत्येकी १५, म्हणजे जीवशास्त्र सोडलेल्यांनी बाकी ४५ प्रश्नांवर जोर द्यायचा. मुंबईच्या सीईबीएस या मूलभूत विज्ञानाच्या केंद्रासाठी नेस्ट ही परीक्षा. गणिताकडे कल असेल तर चेन्नई गणित संस्था आणि भारतीय सांख्यिकी संस्था, दोन्हींची लेखी परीक्षा मेमध्ये, प्रश्न जेईईपेक्षा ऑलिम्पियाडच्या जवळचे. आरएमओपर्यंत गेलेल्या मुलीला हे पेपर जेईईपेक्षा जास्त जमू शकतात. जुने पेपर त्यांच्या संकेतस्थळांवर आहेत, या मेमध्येच तिला दोन सोडवायला द्या. सिद्धतेचे प्रश्न अर्ध्याहून जास्त सुटले तर या दोन संस्था तिच्या यादीत आयआयटीच्या बरोबरीने ठेवा.

खालचा आधारही कच्चा नको. राज्याची एमएचटी-सीईटी द्यायलाच लावा. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, नांदेडचं एसजीजीएस ही अभियांत्रिकीची ठिकाणं त्यावर मिळतात. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या मुलींना ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर राज्यातल्या कॅप (केंद्रीभूत फेरीच्या) प्रवेशाला २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. इथेही ईडब्ल्यूएस दाखला लागतो, पण राज्याच्या नमुन्यात. म्हणजे तहसीलला अर्ज करताना केंद्राचा आणि राज्याचा असे दोन वेगळे काढा.

---

गणितमास्तर_अहमदपूर

स्टीलचा टेप आणि रंगाचा डबा महाविद्यालयाकडून देतोय. या रविवारी ती पहिल्यांदा दोरी आणि टेप दोन्ही सोडून फरक मोजेल. चेन्नई आणि सांख्यिकी संस्थेचे पेपर छापून ठेवले, पुढच्या आठवड्यात वेळ लावून सोडवायला देतो. एकच विचारायचं राहिलं: विहिरींच्या नोंदी मराठीतच आहेत, वही तशीच ठेवू की इंग्रजीत उतरवून घेऊ?

---

मांजराकाठ

वही तशीच ठेवा, एक अक्षर बदलू नका. मूळ पानांचे फोटो तारखेसह काढा. आकडे संगणकावरच्या तक्त्यात उतरवताना फक्त रकान्यांची नावं इंग्रजीत द्या. ‘पाटलाची विहीर’, ‘चिंचेखालची’ अशी नावं असतील तर तक्त्यात वि-१ ते वि-१४ असे क्रमांक द्या, कारण शेतकऱ्यांची नावं बाहेर जायला नकोत. क्रमांक आणि नाव यांची जोडयादी तिच्याकडे वेगळी राहू द्या.